सोलापुरात राहून जंगलावर संशोधन : फेलोशिपच्या वाटेवरच्या नवख्यांसाठी

सोलापूरच्या पोराने जंगलावर संशोधन करतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "अरे, सोलापूरला जंगल कुठंय?" माझ्या पहिल्या फेलोशिपच्या मुलाखतीतही तो आलाच. मी घाईघाईने नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं नाव घेतलं, काळविटांवर दोन-चार वाक्यं फेकली आणि नारळ घेऊन बाहेर पडलो. त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझा अर्ज होता माणूस जंगल कसं वापरतो यावर, आणि मी बोलत होतो काळविटावर. परतीच्या गाडीची वाट बघताना डोक्यात प्रकाश पडला. आमच्या घरातली थोरली, अव्वा, उभं आयुष्य मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आली. त्या सुपात रोज जंगलाचं पान येत होतं. सोलापूरला जंगल कुठंय, तर ते अव्वाच्या सुपात होतं, आणि मी ते सोडून माळावर शोधत बसलो होतो.

त्यानंतर दोन फेलोशिपा मिळाल्या, चार-पाच हुकल्या. आता विद्यापीठातली, कॉलेजातली पोरं विचारायला येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सलग लिहून काढतो.

पहिली पायरी : प्रश्न

जाहिरात बघून विषय ठरवू नका. बहुतेक जण नेमकं हेच करतात. जाहिरातीत 'वन व उपजीविका' दिसलं की त्यावर काहीतरी जुळवायचं, पुढच्या महिन्यात 'हवामान बदल' दिसलं की त्यावर. असा अर्ज वाचणाऱ्याला तिसऱ्या ओळीत कळतो. प्रश्न आधी हातात हवा, मग तो कुणाच्या पैशात बसतो ते बघायचं.

सोलापूरकराने प्रश्न शोधावा कुठे? तीन-चार जागा दाखवतो.

पहिली अर्थातच विडी. ती वळतात तेंदूच्या पानात, आणि तेंदूच्या झाडाला मराठीत टेंभुर्णी म्हणतात. पुणे रस्त्यावरच्या आपल्या टेंभुर्णी गावाचं आणि या झाडाचं नाव एकच आहे. (गावांच्या नावांतून जुनी झाडी शोधायची, हाही एक प्रश्न होऊ शकतो. कुणाला हवा असेल तर घ्या.) गडचिरोली-गोंदियाकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपं छाटतात, तिला खुटकटाई म्हणतात. मग कोवळी पालवी फुटते, आणि एप्रिलच्या शेवटापासून मे महिन्यात ती तोडून पुडकी बांधतात. ते पान वाळून, पोत्यांत भरून विडी कारखान्यांत जातं. इथे आपल्याकडे बाया ते भिजवतात, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापतात, तंबाखू भरून वळतात, दोरा गुंडाळतात. पान फाटकं किंवा जाड असलं तर विडी छाटीत, म्हणजे नापास मालात, जाते आणि छाटीचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे जंगलात खुटकटाई नीट झाली की नाही, याचा हिशोब सोलापुरातल्या एका बाईच्या हजार विड्यांमागच्या मजुरीत निघतो. आता प्रश्न विचारा. सोलापूरच्या कारखान्यांत येणारं पान कोणत्या राज्यातून, कोणत्या जंगलातून येतं? ग्रामसभा स्वतः पान विकायला लागल्या तेव्हा इथे पोचणाऱ्या पानाच्या प्रतीत फरक पडला का? तोडणारीला काय मिळतं, वळणारीला काय, आणि मधल्या हातांना काय? यातला एकेक प्रश्न पीएचडीला पुरेल.

दुसरी जागा माळ. इथे नवख्यांनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, नाहीतर अर्जात पाय घसरतो. 'वन' हा शब्द सरकार निदान दोन अर्थांनी वापरतं. महसुली आणि वनखात्याच्या दप्तरी जी जमीन वन म्हणून नोंदली आहे ती एक. आणि डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून जे वनाच्छादन मोजते ते दुसरं. तिच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा जास्त जागेवर, दहा टक्क्यांहून अधिक जमीन झाडांच्या छत्राखाली असली पाहिजे, मग जमीन कुणाचीही असो. त्यामुळे एखादी दाट आमराई मोजणीत येऊ शकते आणि नान्नजचा गवताळ माळ, जिथे माळढोक, लांडगा, काळवीट राहिले, तो येत नाही. सोलापूर जिल्ह्यात 'जंगल नाही' असं जे म्हणतात, त्यातलं निम्मं या व्याख्येचं देणं आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने वन शब्दाचा कोशातला अर्थ धरायला सांगितला, त्यावरून आजही वाद चालू आहेत. अर्जात वन म्हणजे तुम्ही काय धरताय, ते पहिल्याच परिच्छेदात लिहा.

माळावर माणसांचे प्रश्नही भरपूर. माळढोक अभयारण्य १९७९ साली घोषित झालं तेव्हा त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं. शेतं, गावं, बाजार, सगळं आत. पुढे ते पुष्कळ कमी केलं. या काळात मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांचं चराईचं काय झालं? २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, कलम ३(१)(घ). पण बिगर-आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं, वास्तव्य दाखवावं लागतं. जो दरवर्षी फिरतो त्याने वास्तव्य दाखवायचं कसं? हा प्रश्न कागदावरचा वाटतो, पण एखाद्या मेंढपाळाशी त्याच्या वाड्यावर बसून बोला, दिवस जाईल.

तिसरी जागा इतिहास. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चार हुतात्मे सोलापूरच्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. पण ८ मे १९३० ला ठिणगी पडली ती रूपाभवानी मंदिराच्या बाजूला शिंदीची झाडं तोडण्यावरून, हे किती जणांच्या लक्षात आहे? त्याच वर्षी सांगलीकडच्या बिळाशीत जंगल सत्याग्रह झाला, २५ सप्टेंबरला रायगडातल्या चिरनेरला सत्याग्रहींवर गोळीबार झाला. तिकडे लोक सरकारी जंगलात घुसून हक्क सांगत होते, इकडे गिरणगावात ताडीविरोधात झाडावर कुऱ्हाड चालत होती. शिंदीच्या झाडावर कुणाचा कर, कुणाचा मक्ता, कुणाचं पोट होतं? इतिहासवाल्यांनो, हे तुमचं.

वेडी बाभूळ, वीटभट्ट्यांचं सरपण, कडुनिंबाच्या लिंबोळ्या गोळा करणाऱ्या बाया, हे सगळं आहेच. त्यात शिरत नाही.

प्रश्न बरा आहे की नाही हे ओळखायची माझी चाचणी साधी आहे. तो घरातल्या माणसाला एका वाक्यात सांगा. त्याने उलट प्रश्न विचारला तर चालेल, त्याने 'छान' म्हणून विषय बदलला तर नाही.

दुसरी : तुम्ही कुठल्या इयत्तेत

फेलोशिप म्हणजे एकच वस्तू नाही. राज्य सरकारच्या कागदावर तिला अधिछात्रवृत्ती म्हणतात. पीएचडी करणाऱ्याला, पीएचडी झालेल्याला, आणि पदवीच्या चौकटीबाहेर काम करणाऱ्याला वेगवेगळ्या दारांतून जावं लागतं. चुकीच्या दारावर सहा महिने टकटक करणारे मी पाहिलेत.

एमए किंवा एमएस्सी झालंय आणि पीएचडी करायचीय, तर सगळ्यात खात्रीचं दार अजूनही यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, नेट-जेआरएफ (नेट ही परीक्षा, जेआरएफ ही तिच्यातून मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप). वर्षातून दोनदा परीक्षा. भूगोल, समाजशास्त्र, मानवशास्त्र, इतिहास, समाजकार्य, पर्यावरणशास्त्र, यांतल्या कुठल्याही विषयातून जंगलाकडे जाता येतं. जीवशास्त्रवाल्यांना सीएसआयआर-नेट, ही विज्ञान विषयांची तशीच परीक्षा. १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, वर घरभाडं. यूजीसीच्या जेआरएफला वयाची अट तिशीची, स्त्रियांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट. या परीक्षेचा मोठा गुण असा की पैसा तुमच्या विषयाला बांधलेला नसतो. जंगल घ्या, विडी घ्या, कुणी अडवत नाही. २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएचडीचा प्रवेशही मिळू शकतो, त्यामुळे जेआरएफ थोडक्यात हुकली तरी परीक्षा वाया जात नाही.

जेआरएफ नाही, पण पीएचडीला नोंदणी झालीय, तर राज्याच्या संस्थांकडे बघा. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी पुण्याचीच सारथी, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती. आमच्या पद्मशाली मुलामुलींना आणि धनगर समाजातल्यांना महाज्योतीचं दार, हे अनेकांना माहीतच नसतं. जागा आणि अटी जाहिरातीगणिक बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षी मित्राने काय भरलं त्यावर जाऊ नका, चालू जाहिरात शब्दन् शब्द वाचा. अनुसूचित जमातींसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला ७५० जागा. घरात भाऊ-बहीण नसलेल्या एकुलत्या एका मुलीसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. सामाजिक शास्त्रांसाठी दिल्लीची आयसीएसएसआर ही संशोधन परिषद, इतिहासासाठी तशीच आयसीएचआर.

पीएचडी भारतात चालू आहे आणि काही महिने अमेरिकेतल्या ग्रंथालयांत, प्रयोगशाळेत घालवायचेत, तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल. अर्ज लांबलचक असतो, पण तो भरताना स्वतःचा विषय स्वतःलाच समजतो, हा फुकटचा फायदा.

आता पदवीशी देणंघेणं नसलेली दारं. रफर्ड फाउंडेशन ही ब्रिटनची संस्था निसर्गसंवर्धनाच्या छोट्या कामांना अनुदान देते. तिला नवखे चालतात, किंबहुना नवख्यांसाठीच ती आहे. मात्र संवर्धनाचा ठोस उपयोग दिसला पाहिजे. कॉलेजची फी, परिषदेचा प्रवास यांना ती पैसे देत नाही. माळावरच्या लांडग्याचं आणि मेंढपाळाचं सहजीवन इथे बसेल. विडीचं अर्थकारण बसणार नाही, उगाच ओढून बसवू नका. जपानच्या योकोहामातल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय लाकूड संघटनेची फेलोशिप अभ्यासदौरे, छोटं प्रशिक्षण अशा कामांसाठी असते. भारत तिचा सदस्य असल्याने आपल्याला अर्ज करता येतो. लाकूड, बांबू, वनउपज यांच्या व्यापारावर काम करणाऱ्याने तिच्या घोषणांवर डोळा ठेवावा.

आणि सगळ्यात वरची पायरी. हार्वर्ड विद्यापीठाचं स्वतःचं एक जंगल आहे, मॅसॅच्युसेट्समधल्या पीटरशॅम गावात, १९०७ पासून. तिथे चार्ल्स बुलार्ड फेलोशिप मिळते. वन आणि त्याचा माणसाने केलेला वापर, यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला, समाजशास्त्रज्ञाला, इतिहासकाराला, प्रशासकालाही ती मिळू शकते. दरवर्षी कुणीतरी मला उत्साहाने हिची लिंक पाठवतं. बाबांनो, ती पीएचडी करणाऱ्यांसाठी नाही, नुकती पीएचडी झालेल्यांसाठीही नाही, असं ते स्वतःच लिहितात. नावावर काम जमलेल्यांसाठी आहे. मग इथे का सांगतोय? कारण त्यांच्या अभ्यासाची रीत आपल्याला उपयोगी आहे. त्या जंगलात झाडांच्या मधून दगडी बांध गेलेले दिसतात. एके काळी तिथे शेतं आणि कुरणं होती, शेतकरी सोडून गेले, जंगल परत आलं. तिथल्या संशोधकांनी झाडांइतकंच त्या बांधांकडेही बघितलं. आपल्या माळावरचे पडके बांध, जुने वाडगे, पाणवठे यांच्याकडे असं बघितलंय कुणी?

तिसरी : मार्गदर्शक आणि घर

बहुतेक फेलोशिपांना तुम्ही कुठल्यातरी संस्थेशी जोडलेले असावं लागतं. आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहेच. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे, एसटीने तासाभराच्या अंतरावर. ग्रामीण उपजीविका आणि नैसर्गिक संसाधनांवर तिथे काम चालतं. वनशास्त्रच करायचं असेल तर डेहराडूनची वन संशोधन संस्था, वन्यजीवांसाठी तिथलीच भारतीय वन्यजीव संस्था, वनव्यवस्थापनासाठी भोपाळची भारतीय वनव्यवस्थापन संस्था.

मार्गदर्शकाचा हुद्दा बघू नका. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारा, "तुमचा मसुदा परत यायला किती दिवस लागायचे?" उत्तर महिन्यांत आलं तर दुसरं घर बघा.

चौथी : प्रस्ताव

माझा पहिला प्रस्ताव 'प्राचीन काळापासून मानव व वने यांचे अतूट नाते आहे' असा सुरू होत होता. ज्या बाईंनी तो वाचला त्यांनी त्या वाक्यावर पेन्सिलीने काट मारली. पुढच्या वाक्यावरही. पहिलं पान संपेपर्यंत माझं एक वाक्य शिल्लक राहिलं, 'सोलापुरात तेंदूचे झाड नाही, पण तेंदूच्या पानावर हजारो घरे चालतात.' त्या म्हणाल्या, इथून सुरू कर. तेव्हापासून मी कुणाचाही प्रस्ताव हातात घेतला की आधी तिसरा परिच्छेद वाचतो. खरी सुरुवात बहुधा तिथेच दडलेली असते.

प्रस्तावात पाच गोष्टी हव्यात. काय विचारताय. आधी कुणी काय शोधलंय आणि फट कुठे आहे. तुम्ही ते कसं शोधणार. किती दिवसांत. आणि तुम्हीच का. यातल्या 'कसं'वर सगळ्यात जास्त जागा द्या आणि नेमकं लिहा. 'मुलाखती घेतल्या जातील' हे वाक्य कुणाचंच पोट भरत नाही. 'विडी घरकुल वसाहत आणि शहरातल्या जुन्या पेठा मिळून चाळीस विडी कामगार स्त्रिया, दोन कारखान्यांतले पान तपासणारे कामगार, गडचिरोलीतल्या तीन ग्रामसभा, प्रत्येक ठिकाणी दोन हंगाम' असं लिहिलं की वाचणाऱ्याला तुम्ही रस्त्यावर चालताना दिसता.

'तुम्हीच का' इथे सोलापूरकर उगाच लाजतात. अहो, आपल्याकडे पोरगं घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी बोलत मोठं होतं. विडी कामगारांशी तेलुगूत बोलता येणं, अक्कलकोटच्या पट्ट्यात कन्नडमध्ये गप्पा मारता येणं, ही पुण्या-मुंबईच्या संशोधकाला पैसे देऊन विकत घ्यावी लागणारी गोष्ट. ती अर्जात स्वच्छ लिहा. मी पहिल्या अर्जात मातृभाषेच्या रकान्यात तेलुगू लिहून पुढे चकार शब्द काढला नव्हता.

केंद्राचे आणि परदेशी अर्ज इंग्रजीत द्यावे लागतात. माझा सल्ला, पहिला खर्डा मराठीत लिहा. इंग्रजीत न कळलेली गोष्ट झाकून जाते, मराठीत उघडी पडते.

जुन्या कागदपत्रांचं काम असेल तर कुठल्या दप्तरात काय आहे ते आधी बघून या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरवरचा खंड १८८४ चा, तो घरबसल्या इंटरनेटवर वाचता येतो. त्यातला जंगलाचा भाग वाचल्याशिवाय अर्ज लिहूच नये. राज्य पुराभिलेखागाराची मुंबई आणि पुण्याची दालनं त्यानंतर. वनविभागाच्या कार्य आयोजना, म्हणजे जंगल कसं राखायचं, तोडायचं याचे दहा-दहा वर्षांचे आराखडे, हा सोन्याचा साठा आहे आणि फार थोडे लोक तो उघडतात.

पाचवी : खर्चाचा तक्ता

इथे दोन टोकं दिसतात. एक जण 'प्रवास – ५०,०००' असं एका ओळीत संपवतो, दुसरा पेनाची किंमतही लिहितो. मधला मार्ग असा, की प्रत्येक आकड्यामागे गुणाकार दिसावा. नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटी, चार फेऱ्या, प्रत्येकी बारा मुक्काम. मुलाखतींचं ध्वनिमुद्रण उतरवून काढायचा खर्च लोक हमखास विसरतात. तासाभराची तेलुगू मुलाखत कागदावर यायला एका माणसाचा पूर्ण दिवस जातो.

आणखी एक रकाना मी आग्रहाने ठेवायला सांगतो. विडी कामगाराला मजुरी हजार विड्यांवर मिळते. तुम्ही तासभर प्रश्न विचारलेत तर त्या तासाच्या विड्या कमी झाल्या, म्हणजे तुमच्या संशोधनाचा खर्च त्या बाईने भरला. यावर दोन उपाय. एक तर तिचे हात चालू असतानाच बोला. गप्पा तशाच रंगतात, अव्वाच्या मैत्रिणी हात न थांबवता जगाचा निकाल लावायच्या. किंवा बुडालेल्या मजुरीची भरपाई खर्चात धरा आणि ती का धरली हे एका ओळीत लिहा. परीक्षकाने हा रकाना काटला तर निदान त्याला तो वाचावा तरी लागतो.

सहावी : दाखले

जातवैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, पीएचडी नोंदणीचं पत्र, गुणपत्रकं, आधारशी जोडलेलं बँक खातं. हे जाहिरात यायच्या आधी फाईलमध्ये असू द्या. एकदा माझं एक पत्र एका कार्यालयाच्या आवक टेबलावर सात आठवडे पडून राहिलं, कारण वर अधिकाऱ्याचं पदनाम जुनं लिहिलं होतं. कुणी फोन करून सांगितलंही नाही. तेव्हापासून पत्र दिलं की आवक क्रमांक घेतो, आणि पंधराव्या दिवशी चहाच्या वेळेला स्वतः जाऊन उभा राहतो.

शिफारसपत्रं मागायला महिनाभर आधी जा, सोबत प्रस्तावाची प्रत द्या. 'होतकरू व कष्टाळू विद्यार्थी आहे' असं पत्र मिळालं तर ते न मिळाल्यासारखंच.

सातवी : परवानग्या

फेलोशिप मिळाली म्हणजे जंगलात जायचा परवाना मिळाला, असं नाही. अभयारण्यात संशोधनासाठी जायचं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. महाराष्ट्रात ते कार्यालय नागपूरला. अर्ज स्थानिक वनकार्यालयामार्फत सरकत वर जातो, त्यामुळे नान्नजच्या कर्मचाऱ्यांना आधी भेटा. माळाची जी माहिती तिथल्या वनमजुराकडे असते ती कुठल्याच शोधनिबंधात नसते. प्राण्याला पकडायचं, कॉलर लावायची तर कलम वेगळं, १२ वं, आणि वाटही लांब. सोलापूरच्या पहिल्या अर्जात त्या फंदात पडू नका.

अभयारण्याबाहेर, गावाच्या सामूहिक वनहक्काच्या जागेत काम असेल तर ग्रामसभेपुढे उभं राहावं लागतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि अशा गावांत बाहेरून येणारा संशोधक ही रोजची गोष्ट झाली. ते तुम्हाला सरळ विचारतील, तुझ्या अभ्यासातून आम्हाला काय? उत्तर तयार ठेवा, आणि खोटं देऊ नका. 'मला पीएचडी मिळेल, तुम्हाला तुमच्या पानाचा सोलापुरातला भाव आणि प्रवास लिहून देईन' हे उत्तर मी दिलं होतं. ते चाललं.

बियाणं, पानं, माती असा नमुना परदेशी संस्थेला पाठवायचा विचार असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. परदेशी अनुदान संस्थेच्या खात्यावर घ्यायचं तर त्या संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी पैसा घेण्यासाठीची, नोंदणी आहे का, ते अर्जाआधी विचारा. निवड झाल्यावर पैसा परत गेल्याची उदाहरणं माझ्या ओळखीत आहेत.

आणि ज्यांच्याशी बोलणार त्यांची संमती. छापील कागदावर अंगठा घेणं हा कायद्याचा भाग झाला. विडी कामगार बाईला सहीची भीती असते. सही म्हणजे कारखान्यात काहीतरी पोचणार, असं तिला वाटतं. तोंडी संमती ध्वनिमुद्रित करायची मुभा विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडून आधीच घेऊन ठेवा. कारखान्याचं नाव, बाईचं नाव, दोन्ही बदलून लिहा.

आठवी : मुलाखत

वीस मिनिटं असतात, त्यात पाच ओळखीत जातात. 'जंगल कुठंय' हा प्रश्न येणारच. मी पुढच्या वेळी खिशातून एक विडी काढून टेबलावर ठेवली, तंबाखू काढलेली. पानाची शीर दाखवली आणि सांगितलं, हे पान उन्हाळ्यात जंगलात कुणीतरी तोडलंय, कुणी ते शोधायला आलोय. तुम्ही विडीच न्यावी असं नाही. मेंढपाळावर काम करणाऱ्या एका मुलीने घोंगडी नेली होती.

नववी : पैसे येईपर्यंत

निवडीचं पत्र आणि पहिला हप्ता यांच्यामध्ये काही महिने जातात. घरी आधीच सांगून ठेवा. भाडं, मेस, प्रवास मिळून चार महिन्यांची सोय हाताशी नसेल तर तासिका तत्त्वावरची नोकरी लगेच सोडू नका, पण फेलोशिप घेताना दुसरी नोकरी चालते का, ही अट वाचा. पुष्कळदा चालत नाही. दर महिन्याची हजेरी, सहामाही प्रगती अहवाल, खर्चाची प्रमाणपत्रं यांत चूक झाली की हप्ता अडकतो. एसटीचं तिकीट उन्हात पांढरं पडतं, त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

शेवटची : तारखा उलट्या मोजा

बहुतेक नवखे जाहिरातीच्या तारखेपासून पुढे मोजतात. जंगलाच्या अभ्यासात हंगामापासून मागे मोजावं लागतं. तेंदूचं उदाहरण घ्या. पानतोड मे महिन्यात, पावसाच्या आत संपते. ती बघायची तर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही तिथे हवेत. खुटकटाई बघायची तर फेब्रुवारीतच. म्हणजे ग्रामसभेची परवानगी जानेवारीत, कारण २६ जानेवारीच्या सभेला माणसं जमतात. परवानगी मागायला हातात संस्थेचं पत्र हवं, म्हणजे नोंदणी आणि निवड दिवाळीच्या सुमारास झालेली हवी. निवडीला तीन-चार महिने धरले तर अर्ज जून-जुलैत. एक हंगाम हुकला की पुढचं पान वर्षाने.

मेंढपाळांवर काम करणाऱ्याचं गणित याहून वेगळं, त्याला कळपांच्या वाटा धरून पाऊस आणि सुगी मोजावी लागते. नान्नजच्या माळावर गवत बघायचं तर पावसाळ्याची अखेर. पुराभिलेखागारात बसणाऱ्याला फक्त सुट्ट्यांची यादी बघावी लागते, सुखी माणूस.

अर्जाचा मसुदा झाला की निदान दोघांना वाचायला द्या. एक तुमच्या विषयातला, एक अजिबात नसलेला. माझा दुसरा वाचक आमची अव्वा होती, म्हणजे मी वाचून दाखवायचो आणि ती हात न थांबवता ऐकायची. मधेच म्हणाली, "पान कुठून येतं ते शोधतोस, पण पावसाळ्यात पान मिळत नाही आणि काम बंद पडतं तेव्हा आम्ही काय करतो ते कोण शोधणार?" तो प्रश्न मी चौथ्या पानावर घातला. निवड समितीने मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळ त्यावरच घेतला.